पहिला डीएसएलआर : कॅनन १५००डी की निकॉन डी३५००?

कॅनन ईओएस १५००डी आणि निकॉन डी३५०० हे दोन्ही कॅमेरे २०१८ मध्ये बाजारात आले. पहिला फेब्रुवारीत जाहीर झाला, दुसरा ऑगस्टच्या अखेरीस. दोन्ही पहिल्यांदा डीएसएलआर घेणाऱ्यांसाठी बनवलेले. दोन्हींचा सेन्सर एपीएस-सी आकाराचा आणि २४ मेगापिक्सेलचा, शटरचा कमाल वेग सेकंदाचा ४०००वा भाग, मागचा पडदा ३ इंची, न वळणारा आणि स्पर्शाला दाद न देणारा. दोन्हींच्या खोक्यात १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स येते. माहितीपत्रके शेजारी ठेवली तर वरच्या चार-पाच ओळी जवळपास सारख्याच दिसतात आणि निवड किमतीवर किंवा ओळखीच्या माणसाच्या शब्दावर होते. खरे फरक मात्र पत्रकाच्या खालच्या ओळींत आहेत, आणि त्यांतले काही तर पत्रकात ठळकपणे सांगितलेलेही नसतात.

तुलनेआधी नावांचा घोळ सोडवलेला बरा. कॅननचा हाच कॅमेरा युरोपात २०००डी आणि अमेरिकेत रेबेल टी७ या नावाने विकला गेला. परीक्षणे आणि व्हिडिओ शोधताना ही तिन्ही नावे एकाच यंत्राची आहेत हे माहीत असले तर तिप्पट मजकूर हाती लागतो. मात्र कॅननचा ३०००डी हा वेगळा कॅमेरा आहे. तो दिसायला जवळचा आणि किमतीला कमी असतो, पण त्याचा सेन्सर १८ मेगापिक्सेलचा, पडदा २.७ इंची आणि लेन्स बसवण्याचे कडे धातूऐवजी प्लास्टिकचे आहे. दुकानात ‘दोन्ही एकच’ असे सांगितले गेले तरी ते एक नाहीत. लेन्सच्या नावांतही अशीच खबरदारी लागते. निकॉनची एएफ-पी १८-५५ लेन्स ‘व्हीआर’सह आणि ‘व्हीआर’शिवाय अशा दोन रूपांत निघाली. कॅननच्या १८-५५ मध्ये ‘आयएस’ असलेली आणि नसलेली असे दोन प्रकार आहेत. ही दोन अक्षरे म्हणजे हाताच्या कंपाला आवर घालणारी यंत्रणा. पहिल्या लेन्समध्ये ती असायलाच हवी.

कोणता कॅमेरा चांगला, हा प्रश्न जागा आणि काम ठरवल्याशिवाय सुटत नाही. नाशिकच्या गंगापूर रोडवर राहणाऱ्या हौशी माणसाचा कॅमेरा साधारण तीन ठिकाणी वापरला जातो. पावसाळ्यात तो सोमेश्वरच्या धबधब्यावर आणि गंगापूर धरणाच्या पाणलोटावर जातो. लग्नसराईत याच रस्त्यावरच्या लॉन्समध्ये नात्यातल्या लग्नांना तो गळ्यात असतो. थंडीत निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला पक्षी पाहायला जाणाऱ्या गाडीतही त्याला जागा मिळते. या तिन्ही जागा कॅमेऱ्याकडे वेगवेगळ्या गोष्टी मागतात.

धबधब्यापासून सुरुवात करावी, कारण तिथे दोन्ही कॅमेरे सर्वांत जवळ येतात. पाणी दुधासारखे सलग दिसावे म्हणून शटर अर्धा-एक सेकंद उघडे ठेवावे लागते. भर उन्हात आयएसओ १०० आणि एफ/१६ ठेवले तर शटरचा वेग सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास येतो. जुलैतल्या दाट ढगाळ दुपारी प्रकाश त्याच्या आठव्या भागाइतका उरतो, म्हणजे सेकंदाचा साधारण बारावा भाग. त्यावर प्रकाश आठपट कमी करणारा एनडी८ फिल्टर लावला की वेग अर्ध्या सेकंदाच्या पुढे जातो. हे गणित कोणत्याही कंपनीच्या कॅमेऱ्याला सारखेच लागू पडते. फरक आहे तो फिल्टरच्या मापात आणि लेन्सच्या घडणीत. निकॉनच्या किट लेन्सला ५५ मिलिमीटरचा फिल्टर लागतो, कॅननच्या ‘आयएस २’ लेन्सला ५८ चा. कॅननच्या त्या लेन्सचे पुढचे तोंड फोकस होताना गोल फिरते. त्यामुळे ओल्या कातळावरची चमक कमी करायला पोलरायझर लावला असेल, तर प्रत्येक फोकसनंतर तो पुन्हा जुळवावा लागतो. निकॉनच्या एएफ-पी लेन्सचे तोंड फिरत नाही. उलट, ट्रायपॉडवर कंपनियंत्रण बंद करायचे असते तेव्हा कॅननच्या लेन्सवर त्यासाठी सरळ बटण आहे. निकॉनच्या या लेन्सवर ते नाही, मेनूत शिरून बंद करावे लागते. शटर दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून कॅननला तारेचा रिमोट जोडता येतो. निकॉनवर टायमर लावावा किंवा फोनवरून शटर सोडावे.

छिद्र एफ/१६ इतके बारीक केले की सेन्सरवरची धूळही फोटोत काळ्या ठिपक्यांसारखी उमटते. कंपनाने धूळ आपोआप झाडण्याची सोय या दोन्हींत नाही. धबधब्याच्या तुषारांत लेन्स बदलणे टाळावे. पाण्यापासून बचाव करणारे रबरी जोडही दोन्ही बॉडींना नाहीत.

धरणाच्या पाण्यावर संध्याकाळ टिपताना मात्र सेन्सरमधला फरक दिसू लागतो. आकाश उजळ आणि समोरचे डोंगर काळपट, अशा दृश्यात दोन्ही टोकांचा तपशील एकाच फोटोत मावायला हवा. निकॉनचा सेन्सर २३.५ × १५.६ मिलिमीटरचा आहे, कॅननचा २२.३ × १४.९ चा, म्हणजे निकॉनला सुमारे १० टक्के जास्त क्षेत्र मिळते. तेवढ्याने मोठे अंतर पडले नसते. मोठे अंतर पडते ते सेन्सरच्या स्वतःच्या विद्युत गोंगाटामुळे. रॉ फाइलमध्ये काळोखा भाग उजळवला की १५००डीच्या फोटोत रंगीत कण आणि पट्टे लवकर दिसू लागतात. डी३५००चा फोटो त्याहून बराच जास्त ताण सहन करतो. आकडे पाहून निवड करणाऱ्याने इथे विशेष सावध राहावे. कॅननची रॉ फाइल १४ बिटांची आणि निकॉनची १२ बिटांची आहे, त्यामुळे कागदावर कॅनन सरस वाटतो. पण सेन्सरचा गोंगाटच जास्त असेल तर जादाचे दोन बिट त्या गोंगाटाचीच अधिक बारकाईने नोंद करतात. शिवाय डी३५००च्या सेन्सरवर प्रतिमा किंचित मऊ करणारा लो-पास फिल्टर नाही, १५००डीवर आहे. दगडाचा पोत, गवत, पिसे यांत निकॉन अंमळ जास्त धारदार दिसतो. केवळ जेपेग काढून फोनवर पाहणाऱ्याला यातले फारसे जाणवणार नाही. रॉ फाइल संस्कारित करणाऱ्याला रोज जाणवेल.

लग्नाचे लॉन ही या दोन्ही कॅमेऱ्यांची खरी परीक्षा. संध्याकाळी सातनंतर उघड्यावर, रंगीत एलईडीच्या प्रकाशात, सतत हलणारी माणसे टिपायची असतात. किट लेन्स ५५ मिलिमीटरवर एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही, म्हणून आयएसओ ३२०० किंवा त्याहून वर न्यावा लागतो. निकॉनचा आयएसओ २५६०० पर्यंत जातो. कॅननचा ६४०० पर्यंत, आणि मेनूतून वाढवून १२८०० पर्यंत. टोकाचे आकडे कोणी वापरू नयेत, पण ३२०० आणि ६४०० वर निकॉन स्वच्छ दिसतो. भारतात वीज ५० हर्ट्झची असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/२५० किंवा १/५०० ठेवले तर फोटोत आडवे पट्टे किंवा एकाआड एक फिकट फ्रेम येतात. दोन्ही कॅमेऱ्यांत फोटोसाठी यावर उतारा नाही. शक्य तिथे १/१०० किंवा १/५० वर राहणे हाच उपाय.

मग फ्लॅशचा विचार येतो. कॅननच्या वर उघडणाऱ्या फ्लॅशचा गाइड नंबर ९.२ आहे, निकॉनचा ७. आयएसओ ८०० आणि एफ/५.६ वर याचा अर्थ असा की कॅननचा उजेड साधारण साडेचार मीटरपर्यंत पुरतो, निकॉनचा साडेतीनपर्यंत. इथे कॅनन स्पष्ट पुढे आहे. पण थेट समोरून मारलेला उजेड चेहरे सपाट करतो. घरात वेगळ्या फ्लॅशचा उजेड छतावर मारून परतवता येतो; लॉनवर छतच नसते. म्हणून फोटोग्राफीत पुढे जाऊ पाहणारा माणूस वर्षभरात वेगळा फ्लॅश आणि ट्रिगर घेतो, आणि नेमका तिथे १५००डीचा सर्वांत मोठा दोष उघड होतो. कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश बसवण्याच्या खाचेत, म्हणजे हॉट शूमध्ये, मधोमध एक संपर्कबिंदू असतो. साध्या मॅन्युअल फ्लॅशला आणि स्टुडिओच्या स्वस्त ट्रिगरला ‘आता पेट’ हा इशारा त्याच बिंदूतून जातो. कॅननने १५००डीमध्ये तो बिंदूच काढून टाकला. कॅननचे स्वतःचे फ्लॅश आणि त्यांची भाषा पूर्णपणे समजणारी काही उपकरणे चालतात. घरात पडलेला किंवा मित्राकडून आणलेला साधा फ्लॅश चालत नाही. डी३५००वर हा बिंदू आहे. स्वस्तात प्रकाशयोजना शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी या एका धातूच्या ठिपक्याचे मोल दहा-वीस टक्के मोठ्या सेन्सरहून जास्त आहे, आणि माहितीपत्रक वाचून तो नाही हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दुकानात कॅमेरा उलटसुलट करून हॉट शूकडे पाहणे एवढेच करायचे असते.

लग्नाचा दिवस सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या पाठवणीपर्यंत चालतो. ठरलेल्या सीआयपीए चाचणीनुसार एका चार्जमध्ये निकॉनची बॅटरी १५५० फोटो देते, कॅननची ५००. ती चाचणी निम्म्या फोटोंना फ्लॅश वापरून होते, त्यामुळे फ्लॅशशिवाय दोन्हींचे आकडे वाढतात. पण तिपटीचे प्रमाण राहते. कॅनन घेणाऱ्याने दुसऱ्या बॅटरीची किंमत कॅमेऱ्याच्या किमतीतच धरावी. रिझोल्यूशनबाबत मात्र दोन्हीकडे चिंता नाही. ६००० × ४००० पिक्सेलचा फोटो इंचाला ३०० ठिपके धरून २० × १३ इंच छापता येतो. १२ × ३६ इंचांच्या करिझ्मा अल्बमच्या एका बाजूला तो पुरून उरतो.

नांदूर मध्यमेश्वर नाशिकपासून चाळीसेक किलोमीटरवर आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामुळे गाळाची उथळ पाणथळ तयार झाली. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून ती जाहीर झाली. चापडगावच्या बाजूने निरीक्षण मनोऱ्यांवर गेले की चित्रबलाक, चमचे, जांभळ्या पाणकोंबड्या आणि हिवाळी पाहुणे दिसतात, पण बहुतेक दूर. इथे किट लेन्स जवळपास निरुपयोगी ठरते आणि दुसरी लेन्स हाच तुलनेचा खरा विषय होतो. कॅननच्या जोडसंचात ५५-२५० मिलिमीटरची लेन्स येते, निकॉनच्या जोडसंचात ७०-३०० ची. पूर्ण फ्रेमच्या भाषेत हे अनुक्रमे सुमारे ४०० आणि ४५० मिलिमीटर होतात. आकड्यांपेक्षा पक्ष्यावरच हिशेब करून पाहावा. ६० सेंटिमीटर लांबीचा पक्षी ५० मीटरवर बसला असेल तर ३०० मिलिमीटरची लेन्स सेन्सरवर त्याची ३.६ मिलिमीटरची प्रतिमा पाडते, २५० ची लेन्स ३ मिलिमीटरची. निकॉनच्या फोटोत तो पक्षी सुमारे ९२० पिक्सेल लांब येतो, कॅननच्या फोटोत सुमारे ८१०. कॅननचे पिक्सेल थोडे दाट असल्याने तूट काहीशी भरून निघते, तरीही निकॉन जवळपास १४ टक्क्यांनी पुढे राहतो. कॅननची लेन्स शेवटच्या टोकाला एफ/५.६ उघडते, निकॉनची एफ/६.३, म्हणजे त्याच शटरवेगासाठी कॅननला आयएसओ ६४० लागतो तिथे निकॉनला ८००. सेन्सरमधला फरक पाहता ही सूट कॅननला पुरेशी पडत नाही.

उडत्या पक्ष्यासाठी निकॉन सेकंदाला ५ फोटो घेतो, कॅनन ३. थव्याने उठणाऱ्या पट्टकादंबांच्या पंखांची हवी ती अवस्था पाच फ्रेममध्ये सापडण्याची शक्यता अर्थातच जास्त. फोकसबिंदू निकॉनला ११ आणि कॅननला ९ आहेत. त्या दोनच्या फरकाला फार महत्त्व देऊ नये, कारण दोन्हींत उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारा पक्का बिंदू फक्त मधला आहे. अंधुक पहाटे आणि वेगवान विषयाला मधला बिंदूच वापरावा. आणि पडद्यावर पाहत फोटो काढू नयेत. त्या पद्धतीत दोन्ही कॅमेऱ्यांचा फोकस इतका संथ होतो की पक्षी केव्हाच निघून गेलेला असतो. या कॅमेऱ्यांची ताकद डोळा लावायच्या खिडकीतच आहे.

आतापर्यंतच्या हिशेबात निकॉनची बाजू जड दिसते. ती हलकी करणारी गोष्ट म्हणजे लेन्सची सोबत. कॅननचे ईएफ माउंट १९८७ मध्ये आले आणि पहिल्या दिवसापासून फोकसची मोटर लेन्समध्येच आहे. त्यामुळे तेव्हापासूनची कोणतीही ईएफ लेन्स १५००डीवर स्वतः फोकस करते. निकॉनचे एफ माउंट १९५९ पासून चालत आले आहे, ही अभिमानाचीच बाब. पण ऑटोफोकसच्या जुन्या निकॉन लेन्समध्ये मोटर नव्हती, ती कॅमेऱ्याच्या पोटात असे. डी३५००मध्ये ती मोटर नाही. म्हणून काकांच्या कपाटातली एएफ ५० मिलिमीटर एफ/१.८डी त्यावर बसते, प्रकाशही मोजला जातो, पण फोकस हातानेच करावा लागतो. निकॉनसाठी लेन्स घेताना नावात ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ आहे ना, हे पाहणे भाग आहे. घरात, मित्रांत किंवा कॉलेजच्या क्लबमध्ये कॅननच्या लेन्स असतील, तर निकॉनचे बाकी सगळे गुण बाजूला ठेवूनही १५००डी घेणे शहाणपणाचे ठरू शकते.

नवी दुसरी लेन्स म्हणून कॅननची ईएफ ५० मिलिमीटर एफ/१.८ एसटीएम ही २०१५ पासूनची लेन्स सर्वांना परवडणारी मानली जाते. १५००डीवर ती ८० मिलिमीटरसारखी दिसते, म्हणजे नवरा-नवरीच्या चेहऱ्यांसाठी उत्तम आणि घरातल्या छोट्या खोलीत अडचणीची. निकॉनची एएफ-एस डीएक्स ३५ मिलिमीटर एफ/१.८जी डी३५००वर ५२ च्या आसपास येते. ती रोजच्या वापराला अधिक सोयीची आहे. किट लेन्सच्या तुलनेत या दोन्ही लेन्स लांबच्या टोकाच्या जवळपास दहापट प्रकाश आत घेतात. लॉनवरच्या रात्रीच्या फोटोंसाठी बॉडी बदलण्यापेक्षा अशी एक लेन्स घेणे नेहमीच जास्त फायद्याचे.

हाताळणीत उरतात त्या लहान गोष्टी. बॅटरी-कार्डासह निकॉन ४१५ ग्रॅम, कॅनन ४७५ ग्रॅम. निकॉनची पकड खोल आहे आणि खिडकीतले दृश्य किंचित मोठे दिसते. निकॉनच्या मेनूत मराठी निवडता येते. कॅननच्या या मॉडेलमध्ये हिंदीही नाही. घरातल्या ज्येष्ठांच्या किंवा शाळकरी मुलांच्या हाती कॅमेरा जाणार असेल तर हा फरक छोटा नाही. फोटो फोनवर पाठवण्यात कॅनन पुढे आहे. त्यात वाय-फाय आणि एनएफसी असल्याने पूर्ण आकाराचा फोटो पटकन फोनवर येतो आणि फोनच्या पडद्यावर दृश्य पाहत शटरही दाबता येते. निकॉनमध्ये फक्त ब्लूटूथ आहे. २ मेगापिक्सेलची छोटी प्रत आपोआप जाते, कौटुंबिक ग्रुपला ती पुरते. त्यापेक्षा मोठ्या कामाला कार्ड रीडरच सोयीचा. व्हिडिओत निकॉन फुल एचडी ६० फ्रेमने टिपतो, कॅनन ३० ने. पण बाहेरचा माइक जोडण्याची जागा दोन्हींना नाही, म्हणून व्हिडिओ हेच मुख्य काम असणाऱ्याने या दोन्हींपैकी काहीच घेऊ नये.

डी३५००चे उत्पादन आता बंद झाले आहे, त्यामुळे तो बहुधा वापरलेलाच मिळतो. वापरलेला कॅमेरा तपासायला अर्धा तास आणि स्वतःचे कार्ड पुरते. निकॉन आपल्या फोटोच्या फाइलमध्ये शटर किती वेळा उघडले याची नोंद ठेवतो. ताजा जेपेग संगणकावरच्या साध्या प्रोग्राममध्ये उघडला की आकडा दिसतो. डी३५००चे शटर एक लाख वेळांसाठी तपासलेले आहे, त्या मानाने किंमत ठरवता येते. १५००डीच्या फोटोत ही नोंद नसते, म्हणून विक्रेत्याच्या शब्दापेक्षा बटणांची झीज, पकडीचे सैल झालेले रबर आणि हॉट शूवरचे ओरखडे बोलके ठरतात. पुढे दोन्हींची तपासणी सारखीच. एफ/१६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो घेऊन धुळीचे डाग पाहावेत. लेन्सवर झाकण ठेवून काही सेकंदांचा फोटो काढला की सदोष पिक्सेल चमकतात. वर्तमानपत्र तिरपे ठेवून मधल्या ओळीवर फोकस केला तर फोकस पुढे-मागे सरकतो का ते कळते. लेन्समधून आरपार टॉर्च मारून बुरशीचे जाळे शोधावे. नाशिकच्या पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या लेन्सना ती हमखास धरते. नवा कॅमेरा घेताना जीएसटीचे बिल आणि भारतात चालणारे वॉरंटी कार्ड यांवरचा क्रमांक बॉडीखालच्या क्रमांकाशी जुळवून पाहावा.

डीएसएलआरचा काळ उतरणीला लागला आहे हेही या खरेदीत धरायला हवे. डी३५०० जाहीर होण्याच्या एक आठवडा आधी, २३ ऑगस्ट २०१८ रोजी, निकॉनने आपली मिररलेस झेड मालिका जाहीर केली होती; कॅननची आर मालिकाही त्याच वर्षी आली. दोन्ही कंपन्यांचे नवे काम आता तिकडेच चालते. तरी आज घेतलेल्या लेन्स वाया जात नाहीत. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स अॅडॉप्टर लावून आर कॅमेऱ्यांवर ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स एफटीझेड अॅडॉप्टरवर झेड कॅमेऱ्यांशी जुळतात. मोटर नसलेल्या जुन्या लेन्सना तिथेही हातानेच फोकस करावा लागतो.

एवढे सगळे धरून, सारख्या स्थितीत आणि सारख्या किमतीत दोन्ही समोर असतील, लेन्सची आधीची सोबत कुठलीच नसेल आणि मन धरणाच्या संध्याकाळी किंवा नांदूर मध्यमेश्वरच्या पक्ष्यांकडे ओढ घेत असेल, तर डी३५०० घ्यावा. घरात कॅननच्या लेन्स असतील, नवाच कॅमेरा हवा असेल किंवा काढलेले फोटो लगेच फोनवर पाठवायची निकड असेल, तर १५००डी घ्यावा, आणि सोबत दुसरी बॅटरी व ५० मिलिमीटरची लेन्स घ्यावी.